सुरतेने दिलेले उत्तर

परदेशांतील चर्चच्या युवक मंडळांनी सुट्टीचे आठ-पंधरा दिवस काढून आशिया-आफ्रिकेतील एखाद्या गावी 'मिशन'साठी जावे, शाळेच्या भिंती रंगवाव्या, मुलांना गाणी शिकवावी, प्रार्थना करावी आणि परत जावे, ही आता नित्याची रीत झाली आहे. अशी एखादी तुकडी आपल्या बाजूस उतरली की आपल्यांतील काहींना धर्म बुडाल्याचा भास होतो, तर काहींना सेवेचा गहिवर येतो. या दोन्ही गोष्टी आम्हांस उथळ वाटतात. परक्या धर्माच्या प्रचारकांचे स्वागत कसे करावे आणि त्यांस उत्तर कसे द्यावे, याचा जुना अनुभव सुरत शहराच्या गाठीशी आहे. तो मराठी वाचकाने आठवावा, कारण त्यात एका मराठी माणसाचा वाटा मोठा आहे.

सुरतेत पाद्री नवे नव्हते. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा फादर आंब्रोज या कॅपुचिन पाद्र्याच्या मठास त्यांनी हात लावला नाही, अशी नोंद फ्रेंच प्रवासी बर्निए याने करून ठेवली आहे. ईस्ट इंडिया कंपनीला मात्र व्यापाराच्या काळजीने मिशनरी नकोसे होते. १८१३ च्या आरंभी मुंबईस उतरलेल्या गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट या अमेरिकन तरुणांना सरकारने परत जाण्याचाच हुकूम दिला होता. पुढे १८१३ च्या सनदेने दार उघडले आणि १८१५ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर व विल्यम फाइव्ही सुरतेस आले. ते पंधरवड्याचे पाहुणे नव्हते. त्यांनी गुजराती शिकून घेतली, शाळा काढल्या, छापखाना घातला, बायबल गुजरातीत आणले. स्किनर १८२१ मध्ये वारला. हॉल १८२६ मध्ये नाशिककडील फिरतीवर पटकीने गेला. त्यांचे मत आम्हांस मान्य नसले तरी त्यांची चिकाटी आम्ही नाकारीत नाही. इतके करूनही सुरतेत बाप्तिस्मा घेणारे मोजकेच निघाले. पण शाळांतून व छापील पुस्तकांतून जे प्रश्न विचारले गेले, त्यांनी शहर अस्वस्थ झाले.

त्या प्रश्नांना उत्तर देण्याचे दोन मार्ग होते. पहिला आरडाओरडीचा व बहिष्काराचा. १८४३ मध्ये मुंबईत श्रीपाद शेषाद्री हा अल्पवयीन ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांकडून परत आला, तेव्हा त्याला प्रायश्चित्त देऊन घरात घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांना स्वजातीयांचाच रोष पत्करावा लागला. बाहेरचा कोणी मुलगा पळवितो म्हणून संतापणारा समाज परत आलेल्या मुलास मात्र दार बंद करीत होता!

दुसरा मार्ग सुरतेत सापडला. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर त्या वेळी तेथे इंग्रजी शाळेत शिक्षक होते. त्यांनी आणि दुर्गाराम मेहताजी या सुरतेच्या निर्भय शिक्षकाने इतर सहकाऱ्यांसह १८४४ मध्ये मानवधर्म सभा स्थापन केली. ईश्वर एक आहे, मनुष्यजात एक आहे, जातीवरून उच्चनीच ठरत नाही, असे ही मंडळी भर सभेत सांगत. भूत उतरविणाऱ्या मांत्रिकांना दुर्गारामांनी जाहीर आव्हान दिले. विधवांच्या पुनर्विवाहाचा पक्ष घेतला. पाद्री ज्या दोषांवर बोट ठेवीत होते, ते दोष आपल्याच माणसांनी उघड मान्य करून दूर करावयास घेतले, हे त्या सभेचे मर्म होय.

सभा फार टिकली नाही. १८४६ मध्ये दादोबा मुंबईस परतले. खुद्द दुर्गारामांनी पहिली पत्नी वारल्यावर विधवेशी विवाह न करता कुमारिकेशी केला आणि लोकांचा विश्वास गमावला. बोलणे आणि वागणे यांतील हे अंतर सुधारणेला कोणत्याही पाद्र्यापेक्षा अधिक महाग पडते. तरीही बीज वाया गेले नाही. मुंबईत परमहंस सभा निघाली, तिच्यामागे दादोबांचीच प्रेरणा होती.

आज परकीय राज्य नाही. आपले संविधान आहे. पंचविसावे कलम धर्मप्रचाराचे स्वातंत्र्य देते. दुसऱ्यास धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. पर्यटनाच्या परवान्यावर येऊन धर्मप्रचार करणे नियमबाह्य आहे, आणि परदेशी तरुणांना पाठविणाऱ्या संस्थांनी ते आधी त्यांस सांगितले पाहिजे. नियम मोडल्यास सरकारने कारवाई करावी. गावच्या जमावाने नव्हे. १९९८ च्या नाताळात सुरतेच्या शेजारच्या डांग जिल्ह्यात प्रार्थनास्थळे जाळली गेली. त्या ज्वाळांनी हिंदू धर्माचे रक्षण झाले, असे ज्यांना वाटते त्यांची आम्हांस कीव येते.

पाहुण्यांनाही आमचे एक सांगणे आहे. ज्या गावची भाषा येत नाही, तेथील लोकांच्या आत्म्याची चिंता पंधरा दिवसांत वाहता येत नाही. भिंत रंगविणारे हात आमच्या गावांतही आहेत. शिकावयास या, आमच्या घरी जेवा, आमचे म्हणणेही ऐका.

परंतु खरा प्रश्न आपणांस आहे. डोंगरातल्या पाड्यावर दवाखाना कोणी काढला, तेथे रात्री-अपरात्री कोण धावले, गावच्या पाणवठ्यावर कोणास मज्जाव होता, याचा हिशेब मांडला की लोक दुसऱ्याच्या दारी का जातात ते कळते. तो हिशेब चुकता करण्यासाठी कायदा पुरणार नाही. दादोबा आणि दुर्गाराम यांनी अर्धवट सोडलेले काम पुरे करणे, हेच आजही सर्वांत सभ्य आणि सर्वांत परिणामकारक उत्तर होय.