पुण्याचा खेळ

गतवर्षीं निबंध तपासतांना, "बॅडमिंटन हा खेळ पुण्यास जन्मला," असें एका विद्यार्थ्यानें लिहिलेलें आढळलें व आम्हीं त्यास पूर्ण गुण दिले. हेंच विधान आम्हीं वर्गांत कितीदां तरी अभिमानानें केलें आहे. आमची ही चूक आज कबूल केली पाहिजे.

बुचांत पिसें खोंवून केलेलें फूल लहान फळीनें उडवीत राहण्याचें खेळणें इंग्लंडांतील मुलांजवळ फार पूर्वींपासून होतें. त्यास 'बॅटलडोर' म्हणत. लंडनमधील आयझॅक स्प्रॅट या खेळण्यांच्या व्यापाऱ्यानें १८६० सालीं 'बॅडमिंटन बॅटलडोर : एक नवा खेळ' ही पुस्तिका काढली, असें सांगतात, तिची एकही प्रत आज ज्ञात नाहीं! बॅडमिंटन हें ब्यूफोर्टच्या ड्यूकच्या वाड्याचें नांव. खेळणें पोरांचें, नांव सरदाराच्या वाड्याचें, आणि पुस्तिका दुकानदाराची. दुकानदारानें ती माल खपावा म्हणून काढली असली, तरी त्यांत आम्हांस कांहीं गैर दिसत नाहीं.

मग पुण्याचें काय? तेथील लष्करी छावणींतील इंग्रज अधिकारी मधें जाळें बांधून हा खेळ इतक्या आवडीनें खेळत कीं, त्यास 'पूना' हेंच नांव पडलें. खेळ उघड्या मैदानावर चाले. पिसांचें फूल जेमतेम पांच ग्रॅम वजनाचें. वारा सुटला कीं तें भलतीकडेच जाई. (आमच्या मैदानावर हा अनुभव कोणास नाहीं?) अशा वेळीं लोंकरीचा चेंडू वापरीत. १८८७ पर्यंत खुद्द इंग्लंडांतही भारतांत रूढ झालेले नियमच चालत. हा मान लहान नव्हे. परंतु नियम बसविणें निराळें आणि जन्म देणें निराळें.

कांहीं पालक म्हणतील, "गुरुजी, आपल्या मुलुखाची थोरवी मुलांस वाटली तर बिघडलें कुठें?" थोरवी जरूर वाटावी, तिला खरें कारणही आहे. १९३३ सालीं सांगलीस जन्मलेल्या नंदू नाटेकरांनीं १९५६ सालीं क्वालालंपूर येथें अजिंक्यपद मिळविलें. परदेशांत असें यश मिळविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटु होत. १९६१ सालीं अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हां बॅडमिंटनचा पहिला मान त्यांचाच. एवढें सांगतां येत असतां मुलांस अर्धसत्य कां शिकवावें?

त्या विद्यार्थ्याचे गुण आम्हीं कमी केले नाहींत. वही मात्र परत मागविली. त्यानें 'जन्मला' हा शब्द खोडून वर 'वाढला' असें लिहिलें, आणि शेजारीं आम्हीं आमची सही केली.