विश्लेषण : ताफ्यात विमाने किती आणि उडण्यास सज्ज किती?

लोहगाव तळावरून उडणारी सुखोई विमाने वाघोलीकरांना नवी नाहीत. ‘सुखोई-३० एमकेआय’ हवाई दलात २००२ मध्ये याच तळावर दाखल झाले. मात्र ताफ्यात विमाने किती आणि त्यातली आज उडू शकणारी किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

अडचण काय होती?

२०१५ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनीच सुखोईंची उपलब्धता ५५ टक्क्यांच्या आसपास असल्याचे सांगितले होते. सुट्या भागांचा तुटवडा हे त्यामागचे एक मोठे कारण. सुटे भाग आणि तांत्रिक साह्यासाठी रशियन कंपन्यांशी दीर्घकालीन करार झाले ते मार्च २०१७ मध्ये, म्हणजे जवळपास १५ वर्षांनी.

गणित काय सांगते?

यंत्र, सुटे भाग, कार्यशाळा, तंत्रज्ञ आणि प्रशिक्षण ही एकच प्रणाली मानून खरेदीआधीच आखणी करणे म्हणजे ‘सिस्टिम्स इंजिनीअरिंग’. समजा, एखादे यंत्र सरासरी १०० तास चालून बिघडते आणि दुरुस्तीला ४ तास लागतात. उपलब्धता झाली ९६ टक्के. पण सुटा भाग येण्यासाठी आणखी ९६ तास थांबावे लागले, तर ती थेट ५० टक्क्यांवर येते. यंत्र तेच, तंत्रज्ञही तेच. वाढली ती फक्त प्रतीक्षा.

उपाय आहे का?

आहे. २०१६ च्या राफेल करारात ५ वर्षे किमान ७५ टक्के विमाने सज्ज ठेवण्याची अट घातली गेली. ‘संरक्षण खरेदी प्रक्रिया २०२०’ मध्येही कामगिरीवर आधारित देखभाल करारांची तरतूद आहे. अशा हमीमुळे सुरुवातीची किंमत वाढते, हा आक्षेप खराच. पण जमिनीवर उभे असलेले विमान त्याहून महाग पडते.

आता काय हवे?

पाषाणच्या ‘एआरडीई’ने विकसित केलेल्या ३०७ ‘अटॅग्स’ तोफा आणि त्या ओढणाऱ्या वाहनांसाठी मार्च २०२५ मध्ये भारत फोर्ज आणि टाटा अॅडव्हान्स्ड सिस्टिम्स यांच्याशी सुमारे ६,९०० कोटी रुपयांचे करार झाले. तोफ देशातच बनत असल्याने सुट्या भागांसाठी परदेशाकडे पाहण्याची वेळ कमी येईल. पण देशी शिक्का म्हणजे उपलब्धतेची हमी नव्हे. प्रत्येक मोठ्या खरेदीत उपलब्धतेची किमान टक्केवारी आणि ती न गाठल्यास दंड ठरलेला असावा. आकडे गोपनीय असतील, तर ते दरवर्षी संसदीय समितीपुढे बंद दाराआड ठेवावेत. मात्र कुणीतरी ते तपासलेच पाहिजेत.