विश्लेषण : सांडपाणी थांबले, तरी तलाव हिरवा का?

पवई तलावातील सांडपाणी वळवण्याचे काम मुंबई महापालिकेने हाती घेतले आहे. पण तेवढ्याने पाणी निवळेलच असे नाही. मेलेली जलपर्णी, शेवाळ तळाशी बसते. त्यातील सेंद्रिय फॉस्फरस जिवाणूंची विकरे फोडतात आणि फॉस्फेट मोकळे होते. गाळातील लोह ते धरून ठेवते, मात्र प्राणवायू असेपर्यंतच. तो संपला की पकड सुटते, फॉस्फेट वर येते आणि शेवाळ पुन्हा माजते. खत घरचेच! स्वीडनच्या ट्रुमेन तलावात १९५०च्या दशकाअखेर सांडपाणी बंद झाले, तरी दहा वर्षे तलाव सुधारला नाही. १९७०-७१मध्ये सुमारे मीटरभर गाळ उपसल्यावरच फरक पडला. पवईत जलपर्णी कुजण्याआधी काढली, तर तिच्यातला फॉस्फरसही बाहेर जातो. तळाचा जुना साठा मात्र तसाच राहतो.