हौसेचा हिशेब

हंगाम सुरू झाला की न्यू जर्सीतला आपला हौशी रेसर शुक्रवारी दुपारी गाडी ट्रेलरवर चढवतो आणि न्यू यॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन ट्रॅकची वाट धरतो. राज्याची हद्द ओलांडताना आपल्याला व्यावसायिक वाहनांचे फेडरल नियम लागू होऊ शकतात, हे बहुतेकांच्या गावीही नसते. व्यावसायिक वाहन म्हणजे अठरा चाकी ट्रक, हा पॅडॉकमधला समज चुकीचा आहे.

पहिली मर्यादा १०,००१ पौंडांची, म्हणजे सुमारे ४,५३६ किलोंची. ती पिकअप आणि ट्रेलर मिळून मोजतात. प्रत्यक्ष वजन कमी भरले, तरी उत्पादकाच्या पाटीवरची कमाल क्षमता धरली जाते. ७,००० पौंडांच्या पिकअपला ७,००० पौंडांचा ट्रेलर जोडला, की तो रिकामा असला तरी आकडा १४,००० होतो. वजनाच्या कसोटीवर आपण जवळजवळ सगळेच अडकतो.

सुटका होते ती हेतूच्या कसोटीवर. स्वतःच्या वस्तूंची अधूनमधून, मोबदला न घेता आणि धंद्यासाठी नसलेली वाहतूक कलम ३९०.३ नुसार यातून वगळली आहे. शर्यतीत रोख बक्षीस असले तरी ही सूट मिळू शकते, असे फेडरल मोटर कॅरियर सेफ्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचे मार्गदर्शन सांगते. अटी तीन: बक्षीस करविवरणात उत्पन्न म्हणून दाखवायचे, रेसिंगचा खर्च धंद्याचा म्हणून वजा करायचा नाही आणि कंपनीचे प्रायोजकत्व घ्यायचे नाही.

खरी गोची तिसऱ्या अटीत आहे. ओळखीच्या दुकानदाराने टायरचा एक सेट फुकट दिला आणि आपण त्याचा स्टिकर ट्रेलरवर लावला, तर ते प्रायोजकत्व ठरते का? मार्गदर्शनात रकमेची मर्यादा नाही. निकाल रस्त्यावर अडवणाऱ्या अधिकाऱ्याच्या समजुतीवर जातो. किरकोळ वस्तुरूप मदतीसाठी ठरावीक मर्यादा आखून द्यावी, ही मागणी क्लबांनी एकत्रितपणे करायला हवी.

तोवर दोन दगडांवर पाय ठेवू नका. करात सवलत हवी, स्पॉन्सर हवा आणि रस्त्यावर मात्र 'साहेब, ही माझी हौस' म्हणायचे, हे जमणार नाही. धंदा मानायचा असेल तर फेडरल वाहतूक विभागाचा यूएसडॉट क्रमांक, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि तासांच्या नोंदी आल्या. ३० दिवसांत ८ दिवसांहून अधिक नोंदवही लागत नसेल, तर इलेक्ट्रॉनिक उपकरणाऐवजी कागदी नोंद चालते. जोडवाहनाची क्षमता २६,००१ पौंड किंवा अधिक आणि ट्रेलरची १०,००० पौंडांहून जास्त असेल, तर व्यावसायिक परवान्याचा प्रश्न येतो. हौस मानली तरी परवान्याचे नियम राज्यागणिक बदलतात. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात जड ट्रेलरसाठी अव्यावसायिक 'क्लास ए' परवाना आहे. आपल्या राज्यात विचारून घ्या.

आणखी एक. माल वाहणाऱ्या व्यावसायिक चालकाला सलग १० तास विश्रांतीनंतर जास्तीत जास्त ११ तास चालवता येते, तेही कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत. आपण मात्र रविवारी पहाटे उठून, दिवसभर शर्यत करून, रात्री ट्रेलर ओढत घरी निघतो. सूट मिळत असली तरी हा एक नियम स्वतःला लावून घ्या आणि सोमवारची रजा आधीच टाका.