समुद्र नाही, तरी मरीन प्लायवुडच!

गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही. नकाशावर पट्टी ठेवून मोजाल, तर सर्वांत जवळचा किनारा, तोही बंगालच्या उपसागराचा, शेकडो किलोमीटर लांब भरेल. म्हणून नवेगावबांधच्या बाजूच्या एखाद्या शाळेतील विद्यार्थ्यांनी सुटीत छोटी नाव बांधायचे ठरवले आणि दुकानात जाऊन मरीन प्लायवुड मागितले, तर दुकानदार हसून म्हणेल, "अरे बाबा, इथे कुठला समुद्र? हे घे, वॉटरप्रूफ आहे. स्वस्तही पडेल."

विद्यार्थी मित्रांनो, हा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असला तरी मानू नका. माझे मत असे की, आपल्या तलावांवरच्या नावेला चांगल्या प्लायवुडची गरज समुद्रावरच्या नावेइतकीच आहे. एका बाबतीत तर अधिकच आहे.

आपल्या भागातील जुना डोंगा एकाच बुंध्यातून कोरून काढलेला असे. त्यात सांधा नाही, त्यामुळे सरसाचा प्रश्नच नाही. तेवढे जाड बुंधे आता सहज मिळत नाहीत, आणि मिळाले तरी डोंग्यासाठी ते तोडावेत असे मी म्हणणार नाही. प्लायवुड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून केलेला तक्ता. पापुद्र्यांची संख्या साधारणपणे विषम असते आणि प्रत्येकाचे रेषे शेजारच्याच्या रेषांशी काटकोनात असतात. लाकूड भिजले की रेषांच्या आडव्या दिशेने चांगलेच फुगते, लांबीच्या दिशेने मात्र जवळजवळ नाहीच. म्हणजे एक पापुद्रा पसरू पाहतो आणि शेजारचा त्याला धरून ठेवतो. ही सारी ओढाताण मधल्या सरसावर येते. वाळताना तीच उलट दिशेने होते.

आता आपले हवामान आठवा. पावसाळ्यात आपले तलाव तुडुंब भरतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, पाणी मागे हटते आणि नाव काठावर उन्हात पडून राहते. सतत पाण्यात असलेल्या सांध्यापेक्षा असा वरचेवर भिजणारा आणि वाळणारा सांधा लवकर थकतो. हा धडा विमानांनीही भारतातच दिला आहे. दुसऱ्या महायुद्धातील 'मॉस्किटो' विमाने मुख्यतः प्लायवुड व इतर लाकडाची होती. १९४४ मध्ये येथे त्यांतील काही कोसळली आणि बाकीची काही काळ जमिनीवर ठेवावी लागली. तपासात जोडकामातील दोष आणि सांध्यांत शिरणारे पाणी यांकडे बोट दाखवले गेले.

गोड्या पाण्याची आणखी एक खोड आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. म्हणून पूर्ण बुडालेले लाकूड सहसा कुजत नाही, पण नावेच्या कोपऱ्यात साचलेल्या पावसाच्या पाण्याखालचे कुजते. मीठ या बुरशीला मानवत नाही. पूर्वी काही लाकडी जहाजांच्या फासळ्यांमध्ये मुद्दाम मीठ भरत असत! समुद्रात लाकूड पोखरणारे टेरेडोसारखे प्राणी असतात, ते आपल्या तलावात नाहीत, हे खरे. बुरशी मात्र भरपूर आहे.

'मरीन' हे नावच जरा दिशाभूल करणारे आहे. भारतीय मानक ७१० प्रमाणे या प्लायवुडचे तुकडे ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवले तरी थर सुटता कामा नयेत, आणि लाकडावर कीड व बुरशी यांविरुद्ध रासायनिक प्रक्रिया केलेली असली पाहिजे. त्यातील सरस फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचा, म्हणजे विजेच्या जुन्या काळ्या बटणांच्या बेकेलाइटचा भाऊबंद. घरातील साध्या प्लायवुडमध्ये बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा सरस असतो. कपाटाला तो उत्तम. पण गरम पाण्यात त्याचे बंध तुटतात. 'वॉटरप्रूफ' हा शब्द काय, घड्याळावरही असतो. तक्त्यावर आयएसआयची खूण आणि ७१० हा आकडा शोधा.

तरीही खुणेवर थांबू नका. तक्त्याचे चार छोटे तुकडे कापा. एक तसाच ठेवा. बाकीचे चार तास उकळा, उन्हात पूर्ण वाळवा, पुन्हा चार तास उकळा. मग थरांच्या मध्ये जुनी पटाशी घालून थर उचकटा. दोन्ही बाजूंना फाटलेले रेषे दिसले, तर सरस लाकडापेक्षा मजबूत. थर पुस्तकाच्या पानासारखा स्वच्छ सुटला, तर तो तक्ता नावेला नको. (हे काम शिक्षकांसमवेत, उघड्यावर आणि टाकाऊ भांड्यात करा. लाकडात रसायने असतात, म्हणून ते भांडे पुन्हा स्वयंपाकाला नको आणि उरलेले तुकडे चुलीतही नकोत.) सरसाच्या गडद रंगावरून निदान करू नका, रंग काय, घालता येतो.

कापलेली कड नीट पाहा. आतल्या थरात फटी दिसल्या तर तेथे पाणी साठणार आणि कूज आतून सुरू होणार, वरून काहीच न दिसता. तळ्याच्या मध्यावर दोन मुले बसलेली असताना अशा जागी पाय गेला तर काय होईल, याची कल्पना करा. चांगल्या तक्त्याच्याही सर्व कडा इपॉक्सीने बंद कराव्या लागतात.

"पण सर, किंमत?" हा प्रश्न रास्त आहे. मरीन तक्ता बराच महाग पडतो. माझे उत्तर: नाव लहान करा, तक्ता हलका करू नका. आठ फूट बाय चार फूट आणि ६ मिलिमीटर जाडीचा तक्ता सुमारे ११-१२ किलो भरतो. अशा दोन-तीन तक्त्यांत एक-दोघांची छोटी नाव होते. जाडी ६ ऐवजी ४ मिलिमीटर घेऊन पैसे वाचवू नका. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून वजन एक-तृतीयांश घटते, पण ताठपणा ३० टक्क्यांपर्यंत खाली येतो. हिशेब स्वतः करून पाहा.

पहिल्यांदा नाव कमरेइतक्याच पाण्यात सोडा. अंगात जीवरक्षक जाकीट हवे आणि सोबत तळे ओळखणारा एखादा ढीवर भाऊ. तलाव आटू लागला की नाव काठावर आणून सावलीत दोन ओंडक्यांवर पालथी घाला, म्हणजे पहिल्या पावसाचे पाणी तिच्यात साचणार नाही.