पैसे मोजले, पण कोड कोणाचा?

एखाद्या पतसंस्थेने किंवा रुग्णालयाने बाहेरच्या प्रोग्रामरकडून सॉफ्टवेअर लिहून घेतले, बिल चुकते केले, सोर्स कोडही हाती आला. त्या कोडचा कॉपीराइट कोणाचा? आपल्या व्यवसायात सर्रास मिळणारे उत्तर म्हणजे ‘पैसे देणाऱ्याचा’. ते चुकीचे आहे. १९८४च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्राम १९५७च्या कॉपीराइट कायद्यात साहित्यकृती म्हणून आला आणि साहित्यकृतीचा पहिला मालक तिचा लेखक असतो. कलम १७ मध्ये याला अपवाद आहेत. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, उलट करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याचा होतो. मोबदला देऊन काढून घेतलेले छायाचित्र, रंगचित्र किंवा करवून घेतलेला चित्रपट करवून घेणाऱ्याचा होतो. मात्र या यादीत साहित्यकृती नाही, म्हणून प्रोग्रामही नाही. फोटो काढून घेणाऱ्याला जे आपोआप मिळते, ते कोड लिहून घेणाऱ्या खासगी ग्राहकाला मिळत नाही.

त्याला मालकी हवी असेल तर ती कलम १९ नुसार लेखी आणि सहीनिशी घ्यावी लागते. तिथेही मोघमपणा महागात पडतो. करारात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचेच धरले जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच. शिवाय करारात वेगळे म्हटले नसेल, तर मिळालेला हक्क वर्षभरात न वापरल्यास तोही जातो. पुण्यात करून घेतलेले सॉफ्टवेअर पुढे दुबईत विकायला निघालेल्या कंपनीला ‘कोडचे हक्क ग्राहकाकडे राहतील’ एवढ्या एका ओळीचा आधार पुरणार नाही.

पूर्ण किंमत देणाऱ्यावर हा अन्याय नाही का, असे कोणी विचारेल. वापरापुरता तरी नाही. ज्या कामासाठी प्रोग्राम दिला त्या कामाकरिता त्याची प्रत करणे, त्यात फेरफार करणे आणि बॅकअप ठेवणे, ही मुभा कलम ५२ कायदेशीर ताबा असलेल्याला देतेच. अडते ते प्रोग्राम दुसऱ्याला विकताना. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: कराराचा विषय काढला तर ग्राहकाला अविश्वास वाटेल, आणि कायदा आपल्या बाजूने असताना प्रोग्रामरने तो काढावाच कशाला? पण ग्राहक कधीतरी स्वतःचा छापील करार पुढे करतोच. त्यातल्या ‘सर्व हक्क, कायमचे, जगभर’ या कलमाखाली घाईने सही केली की त्या कामात वापरलेली, आधीच्या अनेक कामांतून घडलेली प्रोग्रामरची स्वतःची मॉड्यूल्सही जाऊ शकतात. तीच मॉड्यूल्स पुढच्या ग्राहकाकडे वापरणे मग कॉपीराइटचा भंग ठरेल. गप्प बसण्यातला हा धोका मला सर्वांत मोठा वाटतो.

त्यामुळे काम सुरू होण्यापूर्वी एका पानाचा करार प्रोग्रामरनेच पुढे करावा. या कामासाठी नव्याने लिहिलेला कोड ग्राहकाला द्यायचा असेल तर मुदत आणि प्रदेश लिहून द्यावा. स्वतःच्या जुन्या मॉड्यूल्सची मालकी राखून त्यांच्या वापराचा फक्त परवाना द्यावा. मुक्तस्रोत लायब्रऱ्यांची नावे आणि त्यांचे परवाने सोबत जोडावेत, कारण त्यांची मालकी देणे प्रोग्रामरच्या हातात मुळातच नाही.