पुंगळीचे पितळ आणि आपली रोजी

नगर, पारनेर आणि राहुरी या तीन तालुक्यांच्या गावांना लागून लष्कराची के. के. रेंज आहे. तेथे तोफगोळ्यांचा सराव होतो आणि मागे धातू पडून राहतो. तो वेचताना न फुटलेला गोळा फुटून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. तरीही पोत्यात माल घेऊन कोणी दुकानाच्या दारात येतो, तेव्हा भाव स्वस्त म्हणून हात पुढे होतो. आमच्या मते हा हात आवरला पाहिजे.

मोह का पडतो, हे आम्ही जाणतो. काडतुसाचे पितळ म्हणजे शंभरात सुमारे ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त. ते ओढावे तसे ओढले जाते. ठोकून कडक झाले की तापवून पुन्हा मऊ करता येते. लोखंडासारखे ते पाण्यात विझवल्याने कडक होत नाही. म्हणूनच परदेशात नेमबाजीचे शौकीन पिस्तुलाची एका मापाची पुंगळी कापून, साच्यात दाबून दुसऱ्या मापाची करतात. आपल्या कारागिरालाही हे जमेल, असे कोणी सुचवील. पण पुंगळीचा बुडाकडचा भाग कडकच राहावा लागतो, कारण स्फोटाचा दाब तो झेलतो. तो तापून मऊ झाला तर पुंगळी हातातच फुटते. शिवाय परवान्याविना काडतूस बनवणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. अशा कामाला नुसते नाही म्हणून भागणार नाही, त्या माणसाला दुकानाची पायरीही चढू देऊ नये.

या धातूचा एक धडा मात्र आपल्या कामाचा आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवली की आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि धातूत राहिलेला ताण, या दोहोंचा तो परिणाम होता. कल्हईवाल्या बंधूंना नवसागराचा वास ठाऊक आहे, तो याच जातीचा. तेव्हा ठोकून घडवलेले पितळी भांडे शेवटी हलके तापवून ताण काढावा आणि नवसागरापासून दूर ठेवावे. गिऱ्हाइकाची तक्रार येणार नाही.

माल हवा असेल तर वाट सरळ आहे. सरकारी खात्यांच्या भंगाराचे लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत होतात. जुन्या भांड्यांची मोड आहेच. हिशेबही चोख ठेवावा. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणीकृत व्यापाऱ्याने नोंदणी नसलेल्याकडून धातूचे भंगार घेतले, तर जीएसटी खरेदीदारालाच भरावा लागतो. म्हणजे पोत्यातला माल आता दिसतो तितका स्वस्तही नाही.

किलोमागे चार पैसे सुटतील, पण भट्टीत गेलेल्या पोत्यात एक जिवंत गोळा निघाला तर दुकान, कारागीर आणि शेजारी सारेच जातील. रेंजचा माल कोणत्याही भावाने घेऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे.